दोन वेण्यांवालीच्या तोंडचे शब्द

दुसऱ्याचं चांगलं झालेलं मला बघवत नाही, हे माझ्या आईचं माझ्याबद्दलचं जुनं मत आहे आणि ते खोटं नाही. शेजारच्या मुलीला दहावीत माझ्यापेक्षा चार मार्क जास्त पडले तेव्हा तिने आणलेला पेढा मी तोंडात तसाच धरून ठेवला आणि ती गेल्यावर मोरीत थुंकला. मार्कांचा, केसांचा, नव्या सँडलचा, सगळ्याचा हेवा माझा करून झाला आहे. पण आता लिहायला बसले आहे तो हेवा एका मुलाचा होता, आणि तो समजायचा तर आधी जपानी कॉमिक्सबद्दल सांगावं लागेल.

आम्ही बदलापूरला बेलवलीत राहायचो. वडील अंबरनाथच्या एका फॅक्टरीत मशीनवर होते. कॉलेज उल्हासनगरला. एफ. वाय.च्या पहिल्या आठवड्यात वर्गात एक मुलगी माझ्या शेजारी येऊन बसली आणि तुझं अक्षर छापल्यासारखं आहे म्हणाली. ते होतंच तसं. आमच्या विहाराच्या फळ्यावर दर पौर्णिमेचा कार्यक्रम मीच लिहायचे, आणि चौदा एप्रिल जवळ आली की कमानीवरची अक्षरंसुद्धा माझ्याकडे यायची. ती पण बदलापूरचीच निघाली, पूर्वेला शिरगावात राहणारी. तिचे वडील एका केमिकल कंपनीत ऑफिसर होते, ती इंग्लिश मीडियमची, आणि घरी कॉम्प्युटर होता. त्या काळात एवढ्यावर मी कुणाचाही द्वेष केला असता. तिचा केला नाही, यावरूनच मला काय ते कळायला हवं होतं.

पहिल्यांदा तिच्या घरी गेले तेव्हा तिच्या आईने, म्हणजे काकूंनी, पाणी द्यायच्या आधी आडनाव विचारलं. मी सांगितलं. पुढचे काही दिवस माझा चहा वेगळ्या कपात येतो का, हे मी बारीक नजरेने बघत होते. आला नाही. मग त्या घराशी माझं जमलं.

तिला जपानी कार्टूनचं वेड होतं. केबलवर ती हिंदीत डब होऊन लागायची आणि आपण कॉलेजला जातो हे विसरून ती शाळकरी पोरांसारखी टीव्हीपुढे मांडी घालायची. मला आधी त्यात काही कळेना. डोळे ताटलीएवढे, नाक नाहीच, आणि चिडले की कपाळावर फुगलेली शीर. पण त्यात एक गोष्ट होती जी आमच्या आजूबाजूला कुठेच सरळ दिसत नव्हती. मुलगे मुलींचे कपडे घालायचे. मुली मुलग्यांसारख्या राहायच्या. कुणी पुरुष पुरुषावर मरायचा, कुणी मुलगी मुलीवर. अर्थात सगळं हसण्यासाठी. लिपस्टिक लावलेला धिप्पाड माणूस हिरोच्या मागे लागला की हिरोच्या डोक्यावर घामाचा मोठा थेंब यायचा आणि तो धूम पळायचा. मूळ जपानीत तो माणूस कसा बोलायचा कोण जाणे. आमच्याकडे आला तो टाळी वाजवतच. डबिंगवाल्यांनी त्याला सिग्नलवर ऐकू येतो तो आवाज दिला होता, म्हणजे हसायचं कधी याबद्दल कुणाला शंका नको.

मीही हसायचे. पुरुषाने साडी नेसली की हसायचं हे शिकवावं लागत नाही. आमच्या बाजूला हळदीच्या कार्यक्रमात बायका पुरुषांची सोंगं काढतात. माझ्या मामीने एकदा मामाची पँट चढवून काजळाची मिशी काढली होती आणि एका शेजारणीला कमरेला धरून नाचवली होती. सगळा मांडव लोटपोट. दुसऱ्या दिवशी मामी परत डोक्यावर पदर घेऊन भांडी घासत होती. तेवढ्या एका संध्याकाळपुरतं काहीही चालायचं, कारण ते खोटं आहे हे सगळ्यांना ठाऊक असायचं.

तिने इंटरनेटवर एक लांबलचक कॉमिक शोधून काढलं होतं. कुणीतरी हौशीने इंग्लिशमध्ये आणलेलं. पण तेव्हा बदलापुरात लोडशेडिंग असं होतं की कॉम्प्युटर अर्धा दिवस नुसता शोभेला. म्हणून तिने उल्हासनगरच्या सायबर कॅफेत जाऊन पानं छापून आणली, आणि मला इंग्लिश जड जातं हे बघून म्हणाली, आपण हे मराठीत करू.

करण्याची पद्धत अशी. पात्रांच्या तोंडचे शब्द ज्या गोलात असतात त्यांना आम्ही फुगे म्हणायचो. मी प्रत्येक फुग्यातलं इंग्लिश व्हाइटनरने पुसायचे, फुंकर मारून वाळवायचे, ती तिच्या वहीत उतरवून घेतलेलं वाक्य वाचून अर्थ सांगायची आणि मी तो मराठीत करून बारीक पेनाने फुग्यात बसवायचे. पहिल्या प्रकरणात तर मोठाच घोळ झाला. जपानी पान उजवीकडून डावीकडे वाचतात हे तिला माहीत होतं पण सांगायचं राहून गेलं, आणि मी तिच्या वहीतली वाक्यं क्रमाने आपल्या पद्धतीने डावीकडून भरत गेले. सगळी उत्तरं आधी आणि प्रश्न नंतर. हिरोच्या आईच्या तोंडी गुंडाची धमकी गेली. ते वाचून आम्ही दोघी इतक्या हसलो की काकू आतून बघायला आल्या. ते प्रकरण आम्ही दुरुस्त केलं नाही. पुढच्या पानांपासून ती फुग्यांना पेन्सिलने नंबर घालायला लागली.

हे काम आम्ही तिच्या खोलीत जमिनीवर बसून करायचो. पान एकच, त्यामुळे डोकी जवळ. तिचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागायचा आणि मी पाय काढून घ्यायचे नाही. तीही नाही. लाइट गेलेली असली की ती हातपंख्याने दोघींना वारा घालायची, कारण माझे हात कामात. मला आयुष्यात कुणी तितक्या वेळा वारा घातलेला नाही.

कॉमिकची गोष्ट साधी होती. बापाचं मिठाईचं दुकान बुडायला आलंय, काउंटरवर सुंदर मुलगी पाहिजे, मुलगी मिळत नाही, म्हणून मुलगाच झालरीचा फ्रॉक घालून उभा राहतो आणि गाव मिठाईवर तुटून पडतं. शेजारी फुलांचं दुकान, तिथे हिरॉइन. कोपऱ्यावर आखाडा, तिथला टकला पहिलवान ओठ रंगवून रोज मिठाई घ्यायला येतो, आणि काउंटरवरचा मुलगा आहे हे कळल्यावरही यायचं थांबत नाही. तोच सगळ्यांत मोठा विनोद. आणि एक दोन वेण्यांवाली मुलगी, हिरॉइनची शाळेतली मैत्रीण. तिचं हिरॉइनवर प्रेम. ती हिरोच्या मिठाईत मिरची घालते, दुकानाच्या पाटीला काळं फासते, हिरॉइन हिरोकडे बघून हसली की तिच्या डोळ्यांतून नळासारखं पाणी येतं. आणि दर वेळी शेवटी तिच्याच डोक्यावर बादली पडते.

पहिलवानावर मी मनसोक्त हसले. त्याच्या पानांवर माझं मराठी नुसतं उड्या मारायचं. एका लग्नाच्या प्रसंगात गावकरी त्याला कुठल्या बाजूला बसवायचं यावर वाद घालतात. इंग्लिशमध्ये काहीतरी मिळमिळीत होतं. मी लिहिलं, "ह्याला नवरदेवाच्या घोड्यावर बसवायचं की करवल्यांच्या टमटममध्ये?" मैत्रीण पोट धरून आडवी झाली. जपानात टमटम म्हणाली आणि परत हसायला लागली. त्या वाक्याचा मला पुढे कित्येक दिवस अभिमान होता.

दोन वेण्यांवालीवर मात्र मला हसू येत नव्हतं. मैत्रीण मला चिडवायची की ही तूच आहेस, कारण मी तिच्या दुसऱ्या कुठल्याही मैत्रिणीशी धड बोलत नसे. मला राग यायचा आणि बरंही वाटायचं. हळूहळू मी त्या पोरीच्या फुग्यांत आगाऊपणा करायला लागले. इंग्लिशमध्ये ती किंचाळत असायची की तो मुलगा मरू दे, नरकात जाऊ दे. मी लिहायचे, "तू त्याच्याशी बोलत होतीस तेव्हा मी तीन वेळा तुझ्या दुकानावरून गेले." किंवा, "तू बघितलं नाहीस तर मला जेवण जात नाही." वर चित्रात ती वेडीवाकडी तोंडं करत असायची आणि खाली हे. मैत्रिणीने एकदा ते वाचून वहीतलं मूळ वाक्य परत काढून बघितलं.

"असं नाहीये इथे," ती म्हणाली.

"मराठीत असंच म्हणतात," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे बघितलं, पेन्सिलने पुढचा नंबर घातला आणि विषय सोडून दिला. मला वाटलं, सुटले.

तो मुलगा आला एस. वाय.ला, साडी-टाय डेच्या दिवशी. या दिवशी मुली साड्या नेसायच्या आणि मुलगे टाय लावायचे, असा सगळ्या कॉलेजांचा शिरस्ता. हा साडी नेसून आला. मोरपंखी शिफॉन, पदर पिनअप केलेला, निऱ्या अशा पडलेल्या की आम्हा सगळ्यांच्या साड्या भाड्याच्या वाटाव्यात. तो उल्हासनगर कॅम्प एकचा, सिंधी, घरचं मॅचिंग सेंटर. फॉल, अस्तर, परकर यांतच वाढलेला. गेटवर शिट्ट्या वाजल्या, प्राध्यापक हसले, त्याने सगळ्यांना वाकून नमस्कार केला. कुणी ओरडलं तर हा त्याच्याहून मोठ्याने उत्तर द्यायचा. आणि मग मुलींची रांग लागली, माझी पण नीट करून दे ना.

त्या रांगेत माझी मैत्रीण होती. तिच्या निऱ्या सुटायला आल्या होत्या. माझ्याकडून तिने सकाळपासून दोनदा पिन लावून घेतली होती आणि मी दोन्ही वेळा अंगठा टोचून घेतला होता. त्याने गुडघ्यावर बसून पाच बोटांत निऱ्या धरल्या, झटक्यात बसवल्या, कमरेशी खोचल्या, उभा राहिला आणि म्हणाला, "अब देख, चालताना पण नाही हलणार." ती चालून बघायला लागली. खरंच हलल्या नाहीत. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. परक्या पोराने तिच्या कमरेला हात लावला म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर वर्षभरात मला जे जमलं नव्हतं ते त्याला दोन मिनिटांत जमलं होतं, आणि तेही सगळ्यांसमोर.

तिथून आम्ही तिघं झालो. त्याच्याकडे जपानी कार्टूनच्या सीड्या होत्या, यादी लिहायला वही लागावी इतक्या. आमचं कॉमिक तर त्याने शेवटपर्यंत वाचलेलं होतं. आमची फाइल त्याने मन लावून वाचली, मराठी अडलं तिथे तिला विचारत, मला नाही. दोन वेण्यांवालीच्या पानांवर तो थांबून थांबून हसला. मला ते लागलं. पहिलवानाच्या पानांवर मात्र तो हसेना. घोडा आणि टमटमचं वाक्य वाचून त्याने नुसतं पान उलटलं. माझ्या सगळ्यांत चांगल्या विनोदावर. मी तेव्हाच ठरवलं की या माणसाला विनोदाची अक्कल नाही. आपल्याला एका पात्रावर हसू येत नाही तसं दुसऱ्याला दुसऱ्यावर येत नसेल, हा विचार माझ्या मनाला शिवलासुद्धा नाही. मत्सर माणसाला हुशार करतो म्हणतात. मला त्याने ठार आंधळी केलं.

दिवाळीच्या सुट्टीत ती त्याच्याबरोबर कॅम्पात खरेदीला गेली. मला विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी मी शिरगावात गेले तर तिने पोटाशी उशी धरली होती आणि ती कसल्यातरी विचारात होती. काय झालं विचारलं तर काही नाही म्हणाली. त्यानंतर मी आले की दोघं बोलता बोलता थांबायची. लायब्ररीच्या जिन्यात एकदा त्याचे डोळे लाल होते आणि तिचा हात त्याच्या पाठीवर होता. मी दोन पायऱ्या उतरून परत वर गेले आणि दुसऱ्या जिन्याने खाली आले. फुग्यांचं काम थंडावलं होतं. मी आठवण केली की ती म्हणायची, करू गं, आता मूड नाही. गॅदरिंगसाठी तो लावणी करणार होता आणि ती त्याला शब्दांचे अर्थ, उच्चार, कुठे डोळा मोडायचा, सगळं शिकवत होती. ज्या मराठीसाठी ती माझ्याकडे यायची ती मराठी ती आता त्याला देत होती. घरी आईने विचारलं, जेवत का नाहीस. मी म्हटलं, अ‍ॅसिडिटी.

दोघांचं जमलंय, याबद्दल माझी खात्री होती. आता ती तिच्या घरी सांगेल, तो त्याच्या, आणि काकू सिंधी जावई म्हणून डोकं धरून बसतील, इथपर्यंत मी मनात पोचले होते. त्यात मी कुठे होते, तर कुठेच नव्हते. लग्नात करवलीसुद्धा नाही, कारण काकूंच्या भाच्या होत्या.

गॅदरिंगमध्ये फिशपॉन्ड असायचे. आठवडाभर ऑफिसबाहेर एक खोका ठेवलेला असतो. कुणाच्याही नावाने टोमणा लिहून चिठ्ठी टाकायची, खाली सही करायची नाही. गॅदरिंगच्या दिवशी त्या माइकवरून वाचतात आणि ज्याच्या नावाची असेल त्याने स्टेजवर जाऊन ती सगळ्यांसमोर हसत हसत घ्यायची. रागवायचं नाही, हा नियम. रागावला की आणखी हसू.

मी चिठ्ठी लिहिली. डाव्या हाताने, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून वेडंवाकडं. बेलवलीच्या आमच्या घरात खिडकीशी बसून दुपारभर मी डोकं चालवलं, पण नवीन काही सुचेना. रागात मला विनोद होत नाही. मग जे तयार होतं तेच घातलं. "कॅम्प एकच्या महाराणीला, नवरदेवाच्या घोड्यावर बसवायचं की करवल्यांच्या टमटममध्ये?" अक्षर लपवलं आणि वाक्य जसंच्या तसं ठेवलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

गॅदरिंगच्या दिवशी त्याची लावणी अशी झाली की पडदा पडल्यावरही हॉल बसायला तयार नव्हता. मैत्रीण माझ्या शेजारच्या खुर्चीवर उभी राहून टाळ्या वाजवत होती. मी पण वाजवल्या, हात दुखेपर्यंत, कारण न वाजवणारी मी एकटीच दिसले असते. त्यानंतर तासाभरात फिशपॉन्ड सुरू झाले, आणि पाचवी की सहावी चिठ्ठी माझी होती.

हसण्याचा एक लोट मागच्या रांगांतून पुढे आला. माझ्या शेजारी मात्र कुणी हसलं नाही. मी मान वळवली नाही. तिच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या एवढं मला कळलं. तो नऊवारी आणि गजऱ्यासकट स्टेजवर गेला, चिठ्ठी घेतली, कपाळाला लावली आणि माइक ओढून म्हणाला, "टमटम चलेगी. पण ड्रायव्हरच्या बाजूची सीट पाहिजे." हॉल परत कोसळला. मी त्याला पाडायला गेले आणि लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. तेव्हासुद्धा मला वाईट वाटलं नाही. जळफळाटच झाला.

पण गॅदरिंग संपलं तरी चिठ्ठी संपली नाही. मुलांनी त्यातला करवली हा शब्द उचलला. वऱ्हांड्यात तो दिसला की मागून हाक यायची, करवली आली. कँटीनमध्ये टेबलावर ताल धरायचे. साडीत हसून उत्तर देणारा तो, शर्ट-पँटमध्ये आल्यावर त्याला उत्तरं सुचेनात. सोंग असतं तोवर माणसं प्रेमाने हसतात. हे सोंग नाही असा वास आला की त्याच हसण्याला दात फुटतात. एके दिवशी दोघा-तिघांनी बाइकवरून जाताना त्याच्या वडलांच्या मॅचिंग सेंटरसमोर तीच आरोळी ठोकली, आणि करवलीच्या जागी दुसरा एक शब्द वापरला, जो मी इथे लिहीत नाही. गिऱ्हाइकं होती दुकानात. त्यानंतर तो कॉलेजला आला नाही.

मैत्रीण त्यानंतरच्या पंधरा दिवसांत माझ्याशी भांडली नाही. बसायची शेजारीच. नोट्स द्यायची. तिचा गुडघा तेवढा आता लागत नव्हता. मला वाटलं, तो नाही म्हणून उदास आहे, होईल सावकाश नीट. त्या पंधरा दिवसांत मी थोडी आनंदात होते, हे लिहायला लाज वाटते पण होते.

मग एका दुपारी ती बेलवलीत आमच्या घरी आली. आईने तिला पोहे दिले, तिने ते सगळे संपवले, कारण माझ्या आईने दिलेलं ती कधी ताटात टाकत नसे. आई शिवणाचं घेऊन खाली शेजारणीकडे गेली. लाइट नव्हती. आम्ही गॅलरीत उभ्या होतो.

त्याला इंदूरला मामाच्या दुकानात पाठवलं, ती म्हणाली. परीक्षा पण देऊ देणार नाहीत.

मी अरेरे म्हटलं.

"चिठ्ठी तू लिहिलीस," ती म्हणाली. विचारलं नाही, सांगितलं.

मी आधी नाही म्हटलं. मग म्हटलं, गंमत होती ती, फिशपॉन्ड असतातच तसे. मग राग आला आणि म्हटलं, तुम्हा दोघांचं काय चाललं होतं ते मला सांगावंसं पण वाटलं नाही तुला, दोन वर्षांची मैत्री.

"आमचं काय चाललं होतं?" तिने विचारलं. आणि माझ्या तोंडाकडे बघून तिला कळलं की मी काय समजत होते. तिला हसू आलं असावं, पण ते वरपर्यंत आलं नाही.

"त्याला मुली आवडत नाहीत. कधीच नाही आवडल्या. दिवाळीत सांगितलं त्याने मला. त्यांच्या दुकानात, माळ्यावर, कापडाच्या गठ्ठ्यांत बसून. यार, बोलता बोलता त्याने अस्तराच्या एका तुकड्याचा दोरा न् दोरा काढला."

मी दोरीवरचा वाळलेला टॉवेल काढून त्याची घडी घालायला लागले.

"मी कुणाला सांगणार नाही अशी शपथ घेतली होती. पण मी त्याला म्हटलं होतं की एक जण आहे, तिला तू सांग. तिला माझ्यापेक्षा जास्त कळेल. तो घाबरत होता तुला. मी म्हटलं, थांब, गॅदरिंग होऊ दे, मग तिघं बसू."

"मला का कळेल?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

तिने गॅलरीच्या कठड्यावर हात ठेवले. खाली कुणाचं तरी वाळवण होतं, त्याच्याकडे बघत ती बोलली. "वेण्यांवालीच्या तोंडी तू जे लिहायचीस ते इंग्लिशमध्ये कुठे होतं गं? मी वाचायचे ना सगळं. मला वाटलं, हिला जेव्हा बोलायचं असेल तेव्हा बोलेल. मी काही पळून जाणार नव्हते."

मग तिने आत जाऊन पोह्यांची ताटली मोरीत ठेवली, धुतली, पालथी घातली. चपला घातल्या. जिन्यात तिला आई भेटली असावी, कारण येते काकू, असं मला ऐकू आलं, नेहमीच्या आवाजात. परीक्षेपर्यंत ती माझ्याशी बोलत राहिली, कामापुरतं. टी. वाय.ला तिने दुसरा विषय घेतला आणि आमचे वर्ग वेगळे झाले.

त्या दुपारी ती गेल्यावर मला रडू यायला हवं होतं, निदान त्या मुलासाठी. मी गॅलरीतच बसून राहिले आणि माझ्या डोळ्यांसमोर येत होता तो मॅचिंग सेंटरचा माळा, जो मी कधी बघितलासुद्धा नव्हता. कापडाचे गठ्ठे, तिथे तो बसलेला, समोर ती. त्याने तोंड उघडलं आणि स्वतःचं स्वतः सांगितलं, दुसऱ्या कुणाच्या तोंडी न घालता. आणि ती उठून गेली नाही. ऐकत बसली. मी दोन वर्षं तिच्या गुडघ्याला गुडघा लावून बसले होते आणि ती तेव्हाही ऐकायला तयार होती. त्याचं कॉलेज गेलं, घर गेलं, तो इंदूरला कुणाच्या तरी दुकानात अस्तराचे तागे उचलत होता आणि ते माझ्यामुळे. तरी मला त्याचा हेवाच वाटत होता. अजून वाटतो.